धुतलेली दगडफुलं

"धुतल्यावर ते मरतं का गं?" मी विचारलं.

"कोरडं असताना धुतलं तर नाही मरत." आईने चिमट्याने दगडफुलाचा तुकडा बाटलीतून वर काढला, निथळू दिला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. "नुसता रंग जातो."

बाटलीतलं पाणी पिवळं झालं होतं. पाणी नव्हतंच ते, ॲसिटोन होतं. नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास सगळ्या पडवीभर पसरला होता. तुकड्याला नाक लागेल इतकी वाकून मी पाहिलं. मला सगळं तसंच पाहावं लागायचं. मघाशी पिवळसर, कडेला कुरळं असलेलं ते दगडफूल आता चुलीतल्या राखेसारखं दिसत होतं.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला मामी आणि माझी मामेबहीण वनू रातांबे फोडत बसल्या होत्या. लाल फळं दोन बोटांनी दाबायची, बिया आणि रस एका पातेल्यात, सालं दुसऱ्या टोपलीत. दोघींचे हात कोपरापर्यंत जांभळेलाल झाले होते.

"वन्सं, आम्ही दगडफूल मसाल्यात घालतो. तुम्ही त्याला आंघोळी घालता," मामी म्हणाली. "पीएचडी म्हणतात ती हीच काय?"

"हीच," आई म्हणाली.

"मग आमची वनूपण करील हो. तिला भांडी घासायची सवय आहे."

आई गालातल्या गालात हसली आणि पुढचा तुकडा बाटलीत सोडला.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आई कोल्हापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मे महिना लागला की मला घेऊन मामाच्या गावी यायची, राजापूरच्या बाजूला. घरामागचा चढ चढून गेलं की सडा लागायचा. जांभ्या दगडाचं काळंभोर, सपाट माळरान, नजर पोचेल तिथपर्यंत. झाड नाही, आडोसा नाही, वर नुसतं आभाळ. आईची दगडफुलं त्या दगडाला चिकटून वाढायची. मामीची सोलंही, म्हणजे रातांब्यांची आमसुलं, तिथेच वाळायची. आईला सड्यावर सकाळ-संध्याकाळ जावं लागायचं, आणि मला सड्यावर जायची बंदी होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर कधी तरी ती मला नेऊन आणायची, तेवढंच.

मी जन्मले तेव्हा म्हणे दवाखान्यातल्या इतर खोल्यांमधल्या बायका मला बघायला यायच्या. इतकं गोरं मूल कुणी पाहिलं नव्हतं. सोनेरी जावळ, पांढऱ्या पापण्या. प्रत्येकीने माझी दृष्ट काढली. केतकी हे नावही त्यावरूनच पडलं. सगळ्या बाळांना देतात तसं तेल लावून मलाही कोवळं ऊन दिलं, कौतुकाने, रोज थोडं जास्त. माझ्या पाठीवर फोड आले तेव्हा कुठे डॉक्टरांना दाखवलं आणि कळलं की हा गोरेपणा नाही. माझ्या अंगात रंगच नाही. कातडीत नाही, केसांत नाही, डोळ्यांत नाही.

तेव्हापासून पूर्ण बाह्या, रुंद टोपी आणि काळी छत्री. छत्री आई धरायची. मी मागितली तरी द्यायची नाही. म्हणायची, "तू पळतेस. ती तिरकी होते."

"वन्सं, तुम्ही काळवंडलात किती पण," मामी त्या दिवशी पडवीतून म्हणाली. "लग्नात कशा होतात, केळीचा गाभा. हिच्यासाठी एवढी छत्री आणलीत, दुसरी स्वतःसाठी घ्यायची होतीत."

"दोन छत्र्या एकमेकींना आपटतात, वहिनी."

मला त्या बोलण्यात रस नव्हता. माझं लक्ष वनूच्या हाताकडे होतं. वनू माझ्याहून वर्षाने मोठी. तिने मनगटावरची प्लास्टिकची बांगडी वर सरकवली आणि मला खालचा पट्टा दाखवला. बांगडीखाली ती गव्हाळ होती, बाकी हात तांबूस काळा.

"राखणीचा रंग," ती ऐटीत म्हणाली. "चार दिवसांत चढला."

सोलांची राखण हे त्या गावात पोरांचं काम. रातांब्याची सालं सड्यावर पसरली की कावळे आणि शेरडं हाकलायला हातात काठी घेऊन कुणी तरी बसायचं. पाळ्या लावलेल्या असायच्या. वनू तक्रार करायची, शेजारची पोरं टाळाटाळ करायची, पण संध्याकाळी सगळ्यांच्या गप्पा त्याच. कुणी किती कावळे हाकलले, कुणाच्या पाळीत शेरडू शिरलं. मला पाळी नव्हती. मी पडवीच्या पायरीवर बसून ऐकायचे. मला त्या वर्षी जगात दुसरं काहीच नको होतं. एक पाळी हवी होती.

मीही माझी बांगडी वर सरकवून पाहिली. खाली आणि वर सगळं सारखंच.

"आई, ही धुतलेली तू सड्यावर नेणार?"

"हो. दगडाला चिकटवायची. अर्धी जाळीखाली, अर्धी उघड्यावर."

"उघड्यावरची मरतील?"

"बहुतेक."

"मग ठेवतेस कशाला?"

"कळायला हवं ना, रंग नसला की उन्हात काय..." आईने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ती बाटलीचं झाकण लावायला लागली.

"आणि जाळीखालची?"

"त्यांच्यावर जाळीचे चार-पाच पदर असतात. दर आठवड्याला एक काढायचा. थोडं थोडं ऊन मिळत गेलं की ती पुन्हा रंग करायला लागतात. गेल्या वर्षी केला होता त्यांनी."

"आपले आपण?"

"आपले आपण."

"मग आमच्या केतूवरपण घाला की जाळी," मामी म्हणाली. "आठवड्याला एक पदर काढा. पुढच्या मेपर्यंत होईल वनूसारखी."

वनू खो खो हसली. मीही हसले. आई हसली नाही. पण नाही, असं होत नाही, असंही ती म्हणाली नाही.

ते न म्हणणं माझ्या डोक्यात जाऊन बसलं. कारण मी हा प्रश्न सगळ्यांना विचारून झाले होते. आजोबा म्हणायचे, मोठी झालीस की येईल. शाळेतल्या बाई म्हणायच्या, देवाच्या मनात असेल तेव्हा येईल. बाबा म्हणायचे, काय करायचाय रंग, परी आहेस तू. आणि आई, जिला खरं माहीत असणार, ती म्हणायची, "बघू." त्या दुपारी मला वाटलं, बघू म्हणजे हेच असणार. आई मला न सांगता आधी दगडफुलांवर करून बघतेय.

संध्याकाळी मामीने सड्यावरून आणलेली सोलं रसाच्या पातेल्यात बुडवली. मी शेजारी उकिडवी बसले.

"ही परत ओली का करता?"

"पूट देते. रसात बुडवायची, उन्हात घालायची. परत बुडवायची, परत उन्हात. पुटावर पूट बसलं की सोलं काळी होतात, टिकतात. एका उन्हात नाही होत गो बाय. नुसतं साल उन्हात टाकलंस तर करपेल."

"रसामुळे करपत नाही?"

"नाही तर काय. रस नको?"

मामीचं खोटं नव्हतं, आईचंही नव्हतं. दोघी आपापल्या कामाचं बोलत होत्या.

दोन दिवसांनी आईला राजापूरला जावं लागलं. तिला नवी जाळी आणायची होती आणि बाबांना फोन करायचा होता; गावातला फोन वाऱ्यात तार तुटल्यापासून मुका झाला होता. सकाळच्या एसटीने निघताना ती मामीला दोनदा म्हणाली, "हिला बाहेर सोडू नका हं, वहिनी."

"मी काय लहान आहे काय? जा तुम्ही."

मामीने मला आतल्या खोलीत पुस्तकं दिली आणि ती फणसाच्या मागे लागली. वनू काठी घेऊन पायरीवर आली. तिची पाळी होती.

"येतेस?" ती कुजबुजली. खरं तर तिला कंटाळा घालवायला सोबत हवी होती.

"छत्री घेऊन येते," मी म्हणाले. "आणि थोडा रस."

"रस कशाला?"

"पूट द्यायला."

वनूला समजावून सांगावं लागलं नाही. रोज डोळ्यांसमोर सोलं काळी होताना बघणारी ती. तिला ते लगेच पटलं. तिने पातेल्यातून तांब्याभर रस काढला. सड्यावर चढताना तिने छत्री माझ्या डोक्यावर धरली होती, पण तिला आईसारखी जमत नव्हती. सारखी पुढे-मागे व्हायची.

उन्हात मला सगळं पांढरं दिसतं. सड्याचा काळा दगड, सोलांची लाल रांग, लांबचा समुद्र, सगळ्यावर कुणी तरी दूध ओतल्यासारखं. मी डोळे मिटून बसले आणि बाह्या दंडापर्यंत वर केल्या. वनूने तांब्यातला रस माझ्या हातांवर ओतून चोळला. आंबट, गारेगार. कोपरापासून बोटांपर्यंत माझे हात तिच्यासारखे झाले. मी त्यांना अगदी डोळ्यांजवळ आणून बघितलं. माझे हात मला इतके सुंदर कधी दिसले नव्हते.

"टोपी काढायची नाही," वनू म्हणाली. "डोकं छत्रीत. हात तेवढे बाहेर. थोडंच ऊन. बरोबर?"

"बरोबर. थोडं थोडं."

तिने छत्रीची दांडी दगडाच्या फटीत रोवली. समुद्रावरून वारा येत होता, सतत, अंगाला गार लागणारा. मला काहीच झालं नाही. भाजलं नाही, चुरचुरलं नाही. हात वाळले की वनू पुन्हा रस लावायची. मधे कावळा आला. मला तो दिसला नाही, पंख ऐकू आले. मी काठी आपटली आणि तो उडाला.

"हा तुझा," वनू म्हणाली. "हा तुझा धरायचा."

मग दुसरा आला. तोही माझा. एक शेरडू आलं त्याला मी शिवी दिली, मामा द्यायचा ती, आणि वनू दगडावर लोळून हसली. थोड्या वेळाने तीच छत्रीच्या सावलीत डोकं घालून झोपी गेली. मी एकटी बसून राहिले, काठी मांडीवर, हात गुडघ्यांवर उताणे, मग पालथे. सगळीकडून वाळले पाहिजेत म्हणून. सबंध सडा माझ्या राखणीत होता.

मामी शोधत वर आली तेव्हा ऊन माथ्यावरून पलीकडे कललं होतं.

"काय गो हे," ती धापा टाकत म्हणाली, आणि माझे हात बघून आधी तिला हसूच फुटलं. "स्वतःची सोलं केलीन कार्टीने. चल खाली. तुझी आई येईल आता, ती माझी सोलं करील."

आई आली तेव्हा मी पडवीत बसले होते. मामीने आपणहून सांगितलं, हसत, पण आवाज जरा चढवून. "छत्रीत होती हो. डोकं सगळं छत्रीत. हात तेवढे रंगवून बसली."

आईने हातातली जाळीची गुंडाळी खाली ठेवली आणि मला न्हाणीत नेलं. तिला वाटलं होतं त्याहून कमी झालं होतं. चेहरा बरा होता, डोळे बरे होते. मला आठवतं, ती जरा हसलीसुद्धा.

"रातांब्याचा रंग चिवट असतो," ती म्हणाली आणि साबण लावला.

पहिल्या पाण्याला जांभळं पाणी वाहिलं. दुसऱ्या पाण्याला गुलाबी. तिसऱ्यांदा तिने साबण लावला तेव्हा पाणी स्वच्छ यायला लागलं, पण माझे हात लालच होते. तिने नारळाची शेंडी घेतली. मी हात मागे ओढला.

"दुखतंय?"

"नाही," मी म्हणाले. मला तो रंग घालवायचाच नव्हता. "राहू दे ना गं. बसलाय तो. तू कशाला धुतेस?"

आईने शेंडी खाली टाकली. माझा हात उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने दंडाखाली दाबलं. दाबलं तिथे पांढरा ठसा उमटला. अंगठा उचलला तसा तो पुन्हा लाल भरून आला. तिने दुसरीकडे दाबलं. तिथेही तसंच. रातांब्याचा डाग दाबला म्हणून पांढरा होत नाही, हे तिला कळायला एक क्षण लागला असेल. तो क्षण मी बघितला. ती खाली मोरीत बसली, साडीसकट, साबणाच्या पाण्यात, माझा हात धरून, आणि तो धरायचा कसा हेच तिला कळेनासं झालं. कुठेही धरला तरी ती भाजलेल्या जागीच धरत होती.

"किती वेळ बसली होतीस?"

"पाळी संपेपर्यंत."

संध्याकाळी फोड आले. ताप आला. मामा मोटरसायकलवर तालुक्याच्या डॉक्टरांना घेऊन आला. ते माझे हात बघून आईवर चिडले, मग माझे डोळे बघून गप्प झाले आणि मलम लिहून दिलं. मला आतल्या खोलीत झोपवलं. खिडकीला मामीने दुहेरी चादर लावली. चादर लावताना ती रडत होती आणि बोलत होती.

"मी म्हणाले होते काय तिला जा म्हणून? मी काय शिकलेली आहे? जाळी घाला म्हणाले ते गमतीने म्हणाले. तुम्ही तरी नाही म्हणायचं होतंत, वन्सं. तुम्हाला ठाऊक होतं ना, होत नाही ते?"

"हो," आई म्हणाली. "मी म्हणायला हवं होतं."

मामीला त्या उत्तराची अपेक्षा नसावी. ती चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली. मग स्टुलावरून खाली उतरली आणि आईसाठी चहा टाकायला गेली.

पुढचे दिवस मी अंधारात होते. वनू दाराबाहेर येऊन बसायची, आत यायला घाबरायची. बाहेरूनच सांगायची, आज कावळे आले, आज नाही आले. एकदा म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलंय, ते दोन तुझेच." बाबा रविवारी येऊन गेले. दाराआड ते आईशी बोलत होते, हळू, पण मला ऐकू येत होतं.

"पुढच्या मेपासून हे बंद. तुझं ते दगडफूल काय पळून जातंय का? पोरगी मोठी होऊ दे आधी."

"मोठी झाली की तिला ऊन लागणार नाही का?" आई म्हणाली.

"मग काय करायचं म्हणतेस?"

जाळीचा पहिला पदर काढायचा दिवस येऊन गेला होता. आई सड्यावर गेलीच नव्हती. दिवसभर माझ्याजवळ बसून मोरपिसाने मलम लावायची.

मग एका सकाळी ती गेली आणि तासाभराने परत आली. हातपाय धुऊन माझ्या उशाशी बसली.

"तुझी दगडफुलं कशी आहेत?" मी विचारलं.

"जाळीखालच्यांना रंग यायला लागलाय. पिवळा."

"सगळ्यांना?"

"जवळजवळ सगळ्यांना."

"आणि उघड्यावरची?"

"मेली."

मी हात चादरीवर ठेवले. फोड सुकून कातडी निघत होती, खालून नवी येत होती, तितकीच पांढरी.

"मी घाई केली ना? मी एकदम जास्त ऊन घेतलं. जाळीखाली बसले असते तर..."

"नाही, केतू."

"थोडं थोडं घेतलं असतं तर?"

"तरी नाही. तुला रंग येणार नाही." आई हे माझ्याकडे बघत म्हणाली. "या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, मोठी झाल्यावरही नाही. दगडफुलाचा आम्ही काढून घेतो, म्हणून त्याला परत करता येतो. तुझ्या अंगाला तो करताच येत नाही. जन्मापासून."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बघू का म्हणायचीस?"

तिने माझ्या हातांखालची चादर सारखी केली. "तू विचारायचीस तेव्हा तुझा चेहरा असा असायचा," ती म्हणाली, "की मला दुसरं काही सुचायचं नाही."

मी रडेन असं तिला वाटलं असावं. तिने पदर हातात घेऊन ठेवला होता. मला रडू आलं नाही. येईल, येईल म्हणत सगळे जण मला एका दारापाशी बसवून गेले होते, आणि आज कुणी तरी येऊन सांगितलं होतं की या दाराने कोणीच येणार नाही, ऊठ. मला भूक लागली. मी तसं म्हणाले. आईने पेज आणली आणि भरवायला लागली, कारण माझी बोटं अजून मिटत नव्हती.

तिचा हात माझ्या तोंडाशी यायचा, जायचा. इतक्या जवळून, त्या अंधूक उजेडात, मला तो नीट दिसत होता. मग वाटी धरलेला डावा हात दिसला.

"आई, तुझा उजवा हात जास्त काळा आहे. डाव्यापेक्षा."

"असू दे. खा."

"मानपण. एकाच बाजूची."

"खा ना, गार होतेय."

परवा माझ्या मुलीला न्हाऊ घालायला आई आली होती. पाच महिन्यांची आहे ती, सावळी, माझ्या नवऱ्याच्या वळणावर गेलेली. आई तिला पायांवर घेऊन अंगणातल्या कोवळ्या उन्हात बसली आणि मी उंबरठ्याच्या आत, सावलीच्या कडेला, टॉवेल घेऊन उभी होते. आता आईचे हात सुरकुतलेत, तेल लागलं की चकाकतात. उजवा अजूनही डाव्याहून गडद आहे. इतकी वर्षं झाली, पीएचडी झाली, नोकरीतून ती निवृत्तही झाली, पण दोन हातांचा रंग काही एक झाला नाही. बाळाने तिचं बोट पकडून तोंडात घातलं. मला ती पेज आठवली, आणि त्यानंतरची पहाट.

पेज संपल्यावर मी आईला विचारलं होतं, "मग मला पाळी कधीच मिळणार नाही?"

आईने वाटी खाली ठेवली. तिला "बघू" म्हणायचं होतं, तोंडापर्यंत आलंही असेल. तिने ते गिळलं.

"मिळेल," ती म्हणाली. "पहाटे."

"पहाटे सोलं कुठे असतात सड्यावर?"

"मामीला सांगते लवकर घालायला."

मामीने काही विचारलं नाही. हात बरे झाल्यावर एका पहाटे, झुंजूमुंजू होतंय तोच, ती टोपली डोक्यावर घेऊन आमच्यापुढे चढ चढली. सोलं पसरली, माझ्या हातात काठी दिली. "राखण नीट कर हो बाय," म्हणाली आणि मागे न बघता खाली गेली.

त्या वेळी मला सगळं दिसत होतं. पांढरं काही नव्हतं. दगड काळा होता, सोलं लाल होती, समुद्र होता तिथे होता. मी काठी टेकवून बसले. आई थोड्या अंतरावर जाळीपाशी वाकली होती.

"इकडे ये," ती म्हणाली. "सोलं दिसतील इथून."

तिने फवारणीच्या बाटलीतून एका दगडफुलावर पाणी उडवलं. मी नाक टेकवून बघत राहिले. ते कोरडं, फिकट पिवळं होतं. बघता बघता त्यातून हिरवं वर आलं, आतून कुणी दिवा लावल्यासारखं.

"हे कुठे होतं?"

"आतच. शेवाळ आहे ते, बारीक. वरची कातडी बुरशीची, तिच्या पोटात ते राहतं. ओलं झालं की कातडी पारदर्शक होते म्हणून दिसतं. दव पडलं की जागं होतं, सकाळच्या उजेडात आपलं अन्न करून घेतं, आणि ऊन चढलं की वाळून झोपून जातं."

"रोज?"

"रोज. त्याचा दिवस एवढाच. पण पुरतो त्याला."

मी हिरव्यावर बोट ठेवलं. मऊ लागलं, कानाच्या पाळीसारखं.

"मग तो पिवळा रंग? तो हे शेवाळ करतं?"

"नाही. शेवाळाला ऊन सोसत नाही. रंग ती वरची बुरशी करते."

"तिला कशाला लागतो?"

पूर्वेचा डोंगर उजळला होता. त्याच्या कडेवर सोन्याची बारीक रेघ आली होती, अजून सूर्य वर यायचा होता. आई उठली. तिने साडीची धूळ झटकली, काळी छत्री उघडली आणि माझ्या आणि त्या डोंगराच्या मधे येऊन उभी राहिली. छत्री उजव्या हातात होती, सगळीच्या सगळी माझ्यावर धरलेली.

"आत ते असतं ना," ती म्हणाली. "म्हणून."

मी माझ्या जागी परत जाऊन बसले. आई छत्री घेऊन मागोमाग आली. मी काठी एकदा दगडावर आपटून बघितली. कावळे अजून उठायचे होते.